निऑनच्या पिल्लांसाठी पावसाचे पाणी

वसई-विरारकडच्या बायकांना पाण्याची पारख शिकवावी लागत नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. हे जड पाणी. धामणी धरणातून नळाला येणारे सूर्या नदीचे पाणी त्या मानाने हलके. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे, ते टँकरवालाच जाणे!

गप्पी, मोली या जड पाण्यातही खुशाल पिल्ले देतात. निऑन टेट्राचे तसे नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, पालापाचोळ्याने चहासारखे झालेले, क्षार जवळजवळ नसलेले ओढे हे त्याचे माहेर. आपल्या पाण्यात तो जगतो, पण अंडी फळत नाहीत; दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. मग दुकानदार सांगतो, जोडीच खराब, दुसरी न्या. आधी पाणी बघा, बाई!

जडपणा आणि आंबटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर घातले तर त्यातला चुना आम्ल खाऊन टाकतो आणि पाणी पुन्हा होते तसे होते. मासे मात्र त्या चढउताराने हैराण. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. उलट ती माशांना बाधते. उकळून थोडा जडपणा जातो, सगळा नाही. निऑनच्या अंड्यांना जडपणा दोन जर्मन अंशांच्या आत, म्हणजे लिटरला साधारण 36 मिलिग्रॅमच्या खाली हवा आणि पीएच सहाच्या आसपास. थेंब टाकून मोजायचे संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात.

आरओचे पाणी चालते, पण एक बादली गाळताना दोन-तीन बादल्या वाया जातात. आपल्याकडे ते परवडेल का? त्यापेक्षा पाऊस! दोन चौरस मीटरचे स्वच्छ प्लॅस्टिक ताणले, तर 50 मिलिमीटर पावसात 100 लिटर पाणी. पहिले काही दिवस धूळ धुऊन जाऊ द्यावी. सिमेंटच्या गच्चीवरचे किंवा टाकीतले पाणी घेऊ नये, त्यात चुना उतरतो. झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात भरून वर कापड बांधावे, नाहीतर डेंग्यूचे डास आयते पोसाल.

हे पाणी डिसेंबर-जानेवारीसाठी जपावे, कारण निऑनला 24-25 अंशांचा गारवा मानवतो. नुसत्या पावसाच्या पाण्यात पीएच एकदम घसरू शकतो, म्हणून मोजत मोजत थोडे नळाचे पाणी मिसळावे. नळाचे पाणी आधी हवा सोडून दिवसभर ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे औषध घालावे. जंगली बदामाचे गळलेले, वाळलेले एखादे पान टाकले की पाणी तांबूस आणि किंचित आंबट होते. ही झाडे सोसायट्यांतून ढिगाने आहेत, पैसे कशाला द्यायचे?

दहा-पंधरा लिटरची रिकामी टाकी, तळाशी नायलॉनच्या धाग्यांचा झुबका. जोडी त्याच पाण्याला हळूहळू सरावू द्यावी आणि संध्याकाळी सोडावी. बहुधा पहाटे अंडी पडतात. लगेच आईबापांना बाहेर काढावे, ते खातात! अंड्यांना उजेड सोसत नाही, टाकीला काळा कागद गुंडाळावा. दिवसभरात पिल्ले फुटतात, पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागतात. तेव्हा त्यांचे तोंड इतके बारीक असते की पावडरही जात नाही. केळीची साल किंवा कोबीचे पान जुन्या टाकीच्या पाण्यात बरणीत आठवडाभर आधीच कुजत घालावे. त्यातले सूक्ष्म जीव थेंबाथेंबाने द्यावेत. बरणी मात्र गॅलरीतच ठेवा, वास घरभर होतो.