मोटारीचा अपघात झाला असता

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातुरास जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 वर गळिताच्या हंगामात रात्री उसाने लादलेले ट्रॅक्टर चालत असतात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो, आणि ती दिसेपर्यंत गाडी आवरण्याइतके अंतर उरलेले नसते. अशा जागी धडक बसली म्हणजे चालक, मग तो कितीही सुशिक्षित असो, क्षणभर हतबुद्ध होतो; आणि त्याच्या मनात येणारा पहिला विचार पुष्कळदा जखमी मनुष्याचा नसून गर्दीचा व पोलिसांचा असतो. यास्तव या भीतीचा विचार प्रथम केला पाहिजे.

ही भीती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. धडक देऊन पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी 2024 च्या आरंभी मालमोटारींच्या चालकांनी काम बंद ठेवले, तेव्हा त्यांचे म्हणणे हेच होते, की थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही. ते कलम 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही. परंतु चालकाचे कर्तव्य त्याच्या पुष्कळ आधीपासून ठरलेले आहे, आणि गंमत अशी की जमावाच्या भीतीची दखल त्यात पूर्वीच घेतलेली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 134 सांगते, की चालकाने जखमी मनुष्यास जवळच्या डॉक्टरकडे अथवा रुग्णालयात पोहोचविण्याची वाजवी तजवीज करावी. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते अशक्य असेल तेवढाच अपवाद. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यावर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, खबर दिली पाहिजे. म्हणजे जीव वाचविण्यासाठी जागा सोडावी लागली तर जावे, पण घरी नव्हे, थेट ठाण्यात. हे कर्तव्य टाळणे हाच स्वतंत्र गुन्हा होय.

प्रत्यक्ष जागेवर प्रथम करावयाचे ते दुसरा अपघात टाळणे. गाडी हलण्याजोगी असल्यास कडेस घ्यावी, इंजिन बंद करून इशाऱ्याचे दिवे लावावेत, आणि तांबडा त्रिकोण येणाऱ्या वाहनांना दुरूनच दिसेल इतका मागे ठेवावा. नंतर रुग्णवाहिकेसाठी 108 व पोलिसांसाठी 112 हा क्रमांक फिरवावा. ‘अहमदपूरच्या अलीकडे’ एवढे सांगून भागत नाही. किलोमीटरचा दगड, पूल, पेट्रोलपंप, आणि गाडीचे तोंड नांदेडकडे होते की लातूरकडे, हे सांगितले म्हणजे रुग्णवाहिकेचा शोधाशोधीतला वेळ वाचतो.

जखमीस चारचौघांनी हातपाय धरून ओढणे ही आपल्याकडील नित्याची चूक. पेट घेण्याचा वा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर त्यास हलवू नये, आणि मान तर मुळीच वाकवू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाणी पाजण्याची घाईही करू नये. शुद्ध हरपत असता ते श्वासनलिकेत जाते, आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांची अडचण वाढते.

बाहेरून रक्त दिसत नाही म्हणून निश्चिंत होणे घातक असते. रेणापूर मतदारसंघाचे अनेक वर्षे आमदार राहिलेले गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जात असता त्यांच्या मोटारीस धडक बसली. ते मागील आसनावर होते. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती; तथापि मानेचा मणका मोडला होता व यकृत फाटून आत रक्तस्राव झाला होता. मागे बसणाऱ्यासही पट्टा बांधणे आवश्यक का, आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्यासही डॉक्टरकडे का न्यावे, याचे उत्तर यात आहे.

पाहणाऱ्यांच्या भीतीस एके काळी कारण होते. मोटारीने उडविलेल्या एका स्कूटरस्वारास रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडले, आणि तो वाटेतच वारला. त्या हकिकतीवरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये निर्णय दिला, की उपचार आधी, सोपस्कार नंतर. पुढे 2016 मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आले. जखमीस विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पोहोचविणाऱ्या वाटसरूस आपले नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याजकडे पैसे मागता येत नाहीत, आणि साक्षीदार होणे न होणे त्याच्या इच्छेवर आहे. खर्चाचेही पूर्वीइतके भय नको. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळतात.

राहता राहिली कागदपत्रे. दोन्ही वाहनांचे क्रमांक, चालकांची नावे, विमा कंपनी व विमापत्राचा क्रमांक टिपून घ्यावा. गाड्या हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. पंचनामा न वाचता त्यावर सही करू नये. विमा कंपनीस विनाविलंब कळवावे आणि तिच्या माणसाने पाहणी करीपर्यंत गाडी दुरुस्तीस घालू नये. धडक देणारे वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी हक्क बुडत नाही. 1 एप्रिल 2022 पासून अशा प्रकरणी मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये भरपाई ठरली असून, तिचा अर्ज ज्या तालुक्यात अपघात घडला तेथील उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांजकडे करावयाचा असतो.