पोच

सहावी-सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक एकच. आधी इतिहास, मागे नागरिकशास्त्र. त्यामुळे वर्षअखेरीस ते घाईघाईत उरकलं जातं. ग्रामसभेची माहिती मुली घडाघडा सांगतात. पण अमळनेर तालुक्यातल्या माझ्या वर्गात विचारलं, 'ग्रामपंचायतीच्या आत कोण गेलंय?' तेव्हा तेवीसपैकी दोनच हात वर आले.

मग आम्ही पाठ बाजूला ठेवून अर्ज लिहायला घेतला. विषय मुलींनीच काढला. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे हायस्कूलला जायचं तर फाट्यावरून एसटी, आणि फाट्याच्या रस्त्यावरचा दिवा बंद. हिवाळ्यात परतताना अंधार पडतो, आणि अंधाराचं कारण काढून घरचे मुलीची शाळाच थांबवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या कच्च्या अर्जात होतं, 'आमच्यावर दया करून दिवा लावावा.' त्या 'दया'वर अख्खा तास गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरपट्टीची पावती आणायला सांगितली. एकीनं बोट ठेवून वाचलं, 'दिवाबत्ती कर.' वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरची म्हणाली, "म्हणजे पैसे तर आपण भरतोच!" त्या वाक्यानंतर अर्जाची भाषाच बदलली. पावत्यांवर नावं मात्र बहुतेक बापाची नाहीतर आजोबांची. हेही मुलींनीच हेरलं.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. "मॅडम, पोच काय ऱ्हास?" एकीनं विचारलं. आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. ते घेतल्याशिवाय परतायचं नाही, एवढंच सांगितलं. चौघी ग्रामपंचायतीत गेल्या. अर्ध्या तासानं आल्या तेव्हा तो कागद चौघींनी मिळून धरला होता.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. २०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली, सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या. हे वर्गात सांगितलं, तर मुलींनी लगेच हिशेब केला: आपल्याला अजून पंधरा वर्षं. मतदानाचं वय झालेलं नाही, तरी महिला सभेच्या दिवशी त्या दाराशी बसल्या, आणि एकीनं तो पोचेचा कागद सभेला आलेल्या आपल्या काकूच्या हातात दिला. काकूनं क्रमांक आणि तारीख मोठ्यानं वाचली.

दिवा अजून लागलेला नाही. काल दुसरा अर्ज लिहिला. त्यात पहिल्याचा आवक क्रमांक घातलाय.