गोंडा किडींना पळवतो की बोलावतो?

परसबागेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कडेने झेंडू लावा, कीड येत नाही." आपल्या मालवण किनाऱ्याला झेंडू म्हणजे गोंडो. चतुर्थी-दसऱ्यासाठी तो परड्यात असतोच. पण हे वाक्य अर्धंच खरं आहे. शाळेतली भाजी मुलांच्या दुपारच्या ताटात जाते, तिच्यावर विषारी औषध मारायचं नाही. त्यामुळे उरलेलं अर्धं समजून घ्यायलाच हवं.

आधी मुळांकडे बघू. किनाऱ्यालगतची आपली जमीन रेताड. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी अशाच जमिनीत जास्त माजतात. रोप खुरटतं, दुपारी मान टाकतं. उपटून पाहिलं तर मुळंच फुगून गाठाळलेली. (चवळीच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या. त्या नत्राच्या, नखाने सहज सुटतात. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, परिसर अभ्यासाचा एक तास तिथेच होतो.) झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, ते सूत्रकृमींना मारक ठरतं. पण त्याचा प्रभाव मुळांच्या आसपासच. कोपऱ्यात दोन झाडं लावून काही होत नाही. अख्खा वाफा दाट लावायचा आणि दोन-तीन महिने राहू द्यायचा. आपल्याकडे हे आयतंच जमतं: पावसात वाफाभर गोंडे, दसरा-दिवाळीला फुलं, आणि मग त्याच वाफ्यात वांगी.

आता दुसरं काम, आणि ते अगदी उलट आहे. टोमॅटोचं फळ पोखरणाऱ्या अळीची मादी पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळ्या-फुलांकडे ओढली जाते. म्हणजे इथे झेंडू किडीला पळवत नाही, स्वतःकडे बोलावतो. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावरूनच टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच झेंडूची 1 ओळ अशी पद्धत बसवली. लावताना टोमॅटोचं रोप साधारण 25 दिवसांचं आणि झेंडूचं 40-45 दिवसांचं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. सगळी गंमत या वेळेत आहे. दसऱ्याचे म्हातारे गोंडे टोमॅटोच्या कामाचे नाहीत. त्यासाठी बी वेगळं, टोमॅटोच्या बियांआधी दोन-तीन आठवडे टाका. शाळेच्या चार वाफ्यांना कडेची एक ओळ पुरे.

आणि सापळा लावला की तो बघावाही लागतो. दर दोन दिवसांनी मुलांनी कळ्या तपासायच्या, भोक दिसलेली कळी तोडून साबणाच्या पाण्यात टाकायची. कोणी बघितलंच नाही तर आपण झेंडूवर किडीच पोसतो.

मग "उग्र वासाने कीड पळते" याचं काय? तुळस, कांदा, पुदिना यांच्याबद्दल असं सर्रास सांगतात. इंग्लंडमधल्या फिंच आणि कॉलियर या संशोधकांनी 2000 साली वेगळीच मांडणी केली. कोबीच्या मुळांवरची माशी आधी हिरवं दिसेल तिथे उतरते, मग पायांनी पानाची चव घेते. योग्य पान लागोपाठ काही वेळा मिळालं तरच अंडी घालते; मध्ये परकं पान लागलं की बहुतेकदा निघून जाते. त्यांच्या प्रयोगांत रोपांभोवती नुसता हिरवा कागद ठेवला तरी माशी फसली! म्हणजे वासापेक्षा हिरव्या गर्दीचा वाटा मोठा. आपल्या आज्या मिरचीत लाल माठ, त्याच्या कडेला चवळी असं मिसळून लावायच्या, ते मला यामुळे जास्त पटतं. हे पटांगणात खेळूनही दाखवता येतं. खडूने वर्तुळं काढा, थोडी 'कोबी', बाकी 'परकी'. लागोपाठ तीन उड्या कोबीवर पडल्या तरच माशी जिंकली.

चवळीवर काळा मावा येतोच. घाबरू नका, उपटू नका. तो खायला ठिपक्यांचे ढालकिडे येतात आणि पुढे मिरचीवरचा मावाही खातात. फक्त मुलांना ढालकिड्याची अळी ओळखायला शिकवा. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, दिसायला मगरीच्या पिल्लासारखी. वाईट कीड समजून मुलं आधी तिलाच चिरडतात.

पडवळ, कारली, दोडक्याच्या फळमाशीला मात्र कुठलीही शेजारीण अडवेल असं समजू नका. तिथे कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधा, सडकी फळं रोज गोळा करा. सापळा लावायचा तर आंबा बागायतदारांकडची मिथाइल युजेनॉलची गोळी इथे चालत नाही. वेलभाज्यांना क्यू-ल्यूरची लागते. दुकानात नाव सांगूनच घ्या.