जायफळाचं श्रेय

दिवाळीच्या सुमाराला बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं धारूरच्या बाजारातून संपत येतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात, तेव्हा कितीतरी बायकांच्या गालांवर, कपाळावर आणि ओठांच्या वर तपकिरी डागांची छटा गडद झालेली असते. आपण त्याला वांग म्हणतो.

वांगावर आमच्या आजीचा एकच उपाय होता. सहाणेवर कच्च्या दुधात जायफळ उगाळायचं आणि रात्री लेप द्यायचा. फार झालं तर दुधात वाटलेली मसुराची डाळ. मुलीच्या वेळी माझ्या गालांवर वांग आला, तेव्हा मीही हेच केलं. चार-सहा महिन्यांत डाग फिके झाले आणि मी जन्मभरासाठी जायफळाची भक्त झाले.

शेजारची एक ऊसतोडीला जाणारी सून मला काकू म्हणते. तिलाही मी छातीठोकपणे तेच सांगितलं. वर लिंबू चोळायचा सल्लाही दिला. तिने नेमाने केलं. डाग तर गेले नाहीतच, उलट लिंबू लावून उन्हात गेल्यावर गाल भाजल्यासारखे झाले. त्यातून नवे काळे चट्टे उमटले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने एक ट्यूब आणली. महिनाभर चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. ट्यूब थांबताच चेहरा लालबुंद झाला आणि चुलीपुढे बसवेना. "काकू, आधीचंच तोंड बरं होतं," ती म्हणाली. ते वाक्य मला लागलं.

मग मी डॉक्टरांना विचारलं, वाचलं. गर्भारपणात संप्रेरकं बदलतात आणि त्वचेत रंगद्रव्य जास्त तयार होतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हा वांग पुष्कळदा आपोआप फिका पडतो. शिवाय मी त्या काळात घराबाहेर पडले होते कुठे? माझे डाग सावलीने आणि काळाने गेले, श्रेय मात्र जायफळाला मिळालं. तिच्या वाट्याला सावलीच नव्हती. ऊन हे वांगाचं सर्वात मोठं खतपाणी. आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्याच्या कारणांत क्रोधाबरोबर आयास, म्हणजे अतिश्रमही सांगितले आहेत. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

तिच्या त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. अशा मलमांनी त्वचा पातळ होते, लाली येते, लव वाढते. 2018 साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये कधी पाराही असतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याचं 2023 साली वर्तमानपत्रांतून आलं होतं.

मग घरात करायचं तरी काय? कोरफडीचा गर, दही-बेसन लावायला हरकत नाही. त्वचा मऊ राहते, पण वांग जाईल अशी आशा धरू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं, कारण जायफळही कुणाला झोंबतं. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून दूरच ठेवावा. खरा उपाय म्हणजे चेहऱ्यावर सावली. पदर किंवा रुमाल कपाळावरून पुढे ओढून घ्यावा, जमल्यास रुंद काठाची टोपी घालावी. परवडत असेल तर तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण त्यांनीही वांग येतो. एखादा डाग वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर घरी मुळीच थांबू नये.

सुनेला मी अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागात घेऊन गेले. लाली ओसरायला बरेच महिने लागले. वांग थोडा आहेच. यंदा टोळी निघाली तेव्हा तिच्या बोचक्यात मी जायफळ नाही ठेवलं. सुती कापडाचे दोन मोठे रुमाल ठेवले, आणि म्हटलं, "वांग राहिला तर राहू दे गं, तोंड भाजू देऊ नकोस."