मागचा शॉकअप : प्रीलोडने स्प्रिंग कडक होते का?

मागच्या लेखातल्या, हार्लेच्या जुन्या सॉफ्टेलच्या गिअरबॉक्सखाली आडव्या झोपलेल्या शॉकअपनंतर आज डॅम्पिंगकडे वळायचं ठरलं होतं. पण साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो इतका मुळाशी जाणारा आहे की डॅम्पिंग पुढच्या आठवड्यावर. त्यांच्याकडे सुपर मीटिऑर ६५० आहे. डबल सीट जाताना गाडी मागे बसते म्हणून त्यांनी दोन्ही शॉकअप प्रीलोडच्या शेवटच्या खाचेवर नेले. आता एकटे निघाले की प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. ‘स्प्रिंग एवढी कडक कशी झाली?’ असं ते विचारतात.

स्प्रिंग मुळीच कडक झालेली नाही. सोयीचे आकडे धरून हिशेब करू. मागच्या चाकाशी ५० किलो वजनाला एक सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग घ्या. गाडीचा मागचा भार आणि तुम्ही मिळून १५० किलो झालात, तर गाडी ३ सेंटिमीटर बसेल. मागे आणखी ५० किलो आले की ४. आता कॉलर फिरवून स्प्रिंग आधीच एक सेंटिमीटर दाबून ठेवा; गाडी पुन्हा ३ वर येते. प्रीलोडचं काम एवढंच. त्यापुढच्या प्रत्येक ५० किलोला स्प्रिंग पूर्वीइतकीच, एक सेंटिमीटर दबते.

मग दणका कुठून येतो? मागचा माणूस उतरला, प्रीलोड मात्र तसाच राहिला. एकट्याच्या वजनाने गाडी जेमतेम बसते, म्हणजे चाकाला खाली जायला फारशी जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक त्यात उतरू पाहतं, पण शॉकअप आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. तो ताणाच्या टोकाला आपटतो, आणि त्यालाच आपण कडकपणा म्हणतो.

क्रूझरवर हे जास्त जाणवतं. सुपर मीटिऑरला मागे १०१ मिलिमीटरची चाल आहे; हार्लेच्या आयर्न ८८३ ला तर ४१ च. त्यात पाय पुढे असल्याने खड्ड्यावर फुटरेस्टवर उभं राहून अंग उचलता येत नाही. सगळा भार कण्यावर येतो.

म्हणून आधी मोजा. मागचं चाक अधांतरी उचलून ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट-जॅकेटसह नेहमीसारखे बसा, गाडी दोनदा दाबून सोडा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा सॅग. एकूण चालीच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे सुपर मीटिऑरवर साधारण २५ ते ३४ मिलिमीटर, असेल तर प्रीलोड जागेवर आहे.

कॉलर फिरवण्याआधी तिच्या पायऱ्यांत बसलेला चिखल ब्रशने काढा, नाहीतर हुक पाना निसटून बोटं सोलवटतात. पायरी बदलली की ‘टक’ असा आवाज येतो. दोन्ही बाजूंना खाच एकच हवी. डबल सीटला घट्ट, एकटं निघताना सैल. दर वेळी हे करायचा कंटाळा करू नका.

एक अडचण उरते. शेवटच्या खाचेवरही दोघांच्या वजनाने गाडी तळाला टेकत असेल, तर प्रीलोडकडे उपाय नाही. तिथे जास्त ताकदीची स्प्रिंगच लागते. पुढच्या आठवड्यात डॅम्पिंग नक्की; तोवर आपला सॅग मोजून ठेवा, कारण तो जागेवर नसेल तर डॅम्पिंगचा दोष ओळखूच येणार नाही.