पगाराची तारीख सुटते तेव्हा

नोकरदार मराठी घराच्या पंचांगात सणवारांहूनही अढळ अशी एक तिथी असते, ती पगाराची. वाणी, दूधवाला, शाळेची फी आणि घराचा हप्ता हे सारे ग्रह तिच्याभोवतीच फिरत असतात. हिंजवडीतील एका कंपनीत ११ वर्षे कायम नोकरी केलेल्या माझ्या भाच्याने राजीनामा देऊन स्वतंत्र कंत्राटावर काम पत्करले, तेव्हा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ‘कंत्राट’ या शब्दाने रस्त्याचे डांबर आणि पाटबंधारे खातेच तेवढे आठवले.

भाचा हिशेबात पक्का. तथापि दर ठरवताना नवख्याची सनातन चूक त्याच्या हातूनही झालीच. महिन्याच्या लाख रुपयांना कामाच्या २२ दिवसांनी भागून त्याने रोजचे ४,५०० मागितले. वस्तुतः ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार वजा जाता २६१ उरतात, आणि सणांच्या सुट्ट्या, आजारपण, रजा व दोन कामांमधले रिकामे दिवस सोडले, तर ज्यांचा मोबदला पदरात पडेल असे २०० दिवस लाभले तरी पुष्कळ. शिवाय भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, कुटुंबाचा आरोग्यविमा हे पगारपत्रकाच्या कोपऱ्यात निमूट बसलेले द्रव्य वर्षाला २ लाख धरले, तर एकूण १४ लाखांना २०० ने भागून ७,००० येतात. म्हणजे ७,००० मागणारा मनुष्य केवळ आपला जुनाच पगार मागत असतो, हे दर ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

पहिले देयक २० दिवसांचे, ९०,००० चे. खात्यात जमा झाले ८१,०००. व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यातून १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो, आणि तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो, हे त्याला ठाऊक होते; बहिणीला मात्र ती कंपनीची लबाडीच वाटली. (वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची यातायात तूर्त टळली, हे त्यातल्या त्यात सुदैव.) खरा मनस्ताप निराळाच होता: ही रक्कम हाती यायला नऊ आठवडे लागले. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणी करणाऱ्यास २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांच्या कमाल मुदतीचे संरक्षण मिळते. ती विनाशुल्क नोंदणी त्याने केलीच नव्हती, आणि करारनाम्यात मुदतीचे कलम शोधूनही सापडेना.

कर्जाचे निराळेच. बँकेला पगाराची चिठ्ठी जितकी पटते तितकी स्वतंत्र व्यावसायिकाची कमाई पटत नाही. ती मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. तेव्हा ज्यांना घर घ्यावयाचे असेल त्यांनी कर्ज आधी मंजूर करून घ्यावे, घरच्यांचा विमा स्वतःच्या नावे उतरवावा, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा मसुद्यातच राहू द्यावा.