९४४ हा आकडा खोडायचा का?

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तर त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. आता समजा, सांताक्रूझच्या पावसाची रोजची नोंद कुणा विद्यार्थ्याने एक्सेलमध्ये घेतली आहे. ओळी हजारो, आणि टाइप करताना चुका झालेल्याच. तो मनाशी एक हद्द ठरवतो: दिवसाला ५०० मिलिमीटरहून जास्त आकडा म्हणजे बोट चुकलेले. फिल्टर लावला, डिलीट दाबले, तक्ता स्वच्छ! आणि मुंबईकर जो दिवस जन्मात विसरणार नाहीत, तोच नेमका नोंदीतून गेला.

ठरलेल्या आकड्यापेक्षा मोठे सेल शोधून काढणे ही कचेरीत, शाळेत, सोसायटीच्या हिशेबात वरचेवर लागणारी गोष्ट. कुणाला १०० पैकी ८८० गुण पडलेले असतात, कुठे देखभाल खर्चात दोन शून्ये आगाऊ असतात, तर दवाखान्याच्या यादीत एखादा रुग्ण ३७० वर्षांचा निघतो. असे आकडे वेचायला अर्धे मिनिट पुरते.

सर्वांत सरळ वाट फिल्टरची. तक्त्यातल्या कुठल्याही सेलवर क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि एल या कळा एकत्र दाबल्या की प्रत्येक शीर्षकावर छोटा बाण येतो. गुणांच्या कॉलमवरचा बाण उघडायचा, ‘नंबर फिल्टर्स’मधून ‘ग्रेटर दॅन’ निवडायचे आणि १०० लिहायचे. १०० पर्यंतच्या सगळ्या ओळी दडतात, वरच्या तेवढ्या उरतात. मग गुणांचे सेल निवडून डिलीटची कळ दाबली की फक्त दिसणारे आकडे पुसले जातात. फिल्टरने दडवलेल्या ओळींना धक्का लागत नाही. गूगल शीट्समध्येही हीच सोय ‘फिल्टर बाय कंडिशन’ या नावाने आहे.

मात्र तक्त्याच्या मध्ये एखादी पूर्ण रिकामी ओळ असेल, तर एक्सेल तक्ता तिथेच संपला असे समजते आणि तिच्या खालच्या ओळी फिल्टरमधून सुटतात. म्हणून अशा वेळी आधी सगळा तक्ता निवडावा आणि मगच फिल्टर लावावा. शिवाय ओळी फिल्टरने न दडवता हाताने ‘हाइड’ केल्या असतील, तर डिलीट त्यांच्यावरही चालते. तिथे आधी आल्ट आणि अर्धविरामाची कळ दाबून फक्त दिसणारे सेल निवडावे लागतात.

खरा घोळ ‘काढणे’ या शब्दात आहे. आकडा पुसायचा, सेल काढायचा की सगळी ओळच उडवायची? डिलीटची कळ फक्त आकडा पुसते, सेल जागेवर राहतो. उजव्या क्लिकच्या यादीतले ‘डिलीट’ मात्र सेलच उचलून नेते आणि विचारते, खालचे सेल वर सरकवू का? घाईत हो म्हटले की त्या कॉलमचे पुढचे सगळे गुण एकेक घर वर चढतात, नावे जिथल्या तिथे राहतात, आणि निम्म्या वर्गाला शेजाऱ्याचे गुण मिळतात. पडद्यावर सगळे नीटनेटके दिसत असल्याने ही चूक निकाल लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्याचे नाव यादीत हवेच असेल, तर ओळ उडवणेही नको. आकडा पुसणे पुरे. त्या जागी शून्य भरणे तर सगळ्यात वाईट, कारण सरासरी काढताना एक्सेल रिकामा सेल सोडून देते, शून्य मात्र हिशेबात धरते.

सूत्राने काम करणारे शेजारच्या कॉलममध्ये ‘इफ’ वापरतात: आकडा १०० पेक्षा मोठा असेल तर रिकामे ठेव, नाहीतर आहे तोच दे. इथे एक्सेलची एक खोड आड येते. तुलना करताना ते कुठल्याही अक्षराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे मानते. त्यामुळे गुणांच्या जागी ‘गैरहजर’ लिहिले असेल, तर तेही १०० पेक्षा मोठे ठरून पुसले जाते. ‘इजनंबर’ हे फंक्शन जोडून सेलमध्ये खरोखर आकडा आहे की नाही, हे आधी तपासून घेतले की गैरहजर मुले गैरहजरच राहतात.

एवढे सगळे जमले तरी हद्द कुठे आखायची, हा प्रश्न संगणक सोडवत नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. त्या दिवशी दिल्ली परिसरातली बाकीची केंद्रे ४५.२ ते ४९.१ च्या दरम्यान होती. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. पण राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी नोंदलेले ५१ अंश खरे होते. ५० वर रेघ मारणारा माणूस खोट्याबरोबर खऱ्यालाही बाहेर काढेल. मुंगेशपूर उघडे पडले ते आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून पाहिल्यामुळे.

अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट याच जातीची, फक्त हद्द खालची. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथला ओझोन घटल्याचे जाहीर केले. नासाच्या उपग्रहाने तेच मोजले होते, पण १८० डॉब्सनहून (हे ओझोन मोजण्याचे एकक) कमी आलेल्या मोजण्यांवर त्यांची संगणक प्रणाली ‘संशयास्पद’ अशी खूण करत होती. नासाने ती माहिती फेकून दिली, असे अजूनही सांगितले जाते; ते बरोबर नाही. मोजण्या जपलेल्या होत्या, म्हणूनच त्या पुन्हा तपासता आल्या.

तेव्हा पुसण्याआधी खूण करावी, हेच शहाणपणाचे. मूळ शीटची प्रत वेगळी ठेवावी. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने १०० वरचे सेल लाल करावेत, शेजारी शेऱ्याचा कॉलम घ्यावा, आणि उत्तरपत्रिका किंवा पावती पाहूनच आकडा दुरुस्त करावा. ८८० च्या जागी बहुधा ८८ किंवा ८० असतात, आणि ते पुसण्यापेक्षा शोधणे विद्यार्थ्याच्या हिताचे.

पुढच्या वेळी चूक आतच येऊ नये, यासाठी ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये ० ते १०० अशी अट घालता येते, मग एक्सेल ८८० स्वीकारतच नाही. आधीच शिरलेल्या चुकांभोवती ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ लाल वर्तुळे काढते. दुसऱ्या शीटमधून कॉपी करून पेस्ट केलेल्या आकड्यांना मात्र ही अट अडवत नाही.